गिटारच्या तारा बदलायची अवजारं: कशावर खर्च करायचा, काय साधं चालतं

आधी थोडा हिशोब. साध्या ट्यूनरचं (तार ताणणारी खुंटी आणि तिचं गिअर) गिअरचं प्रमाण 14:1 असतं, म्हणजे खुंटी 14 वेळा फिरवली की तारेचा दांडा एकदा फिरतो. दांड्यावर तीन वेढे द्यायचे तर खुंटीचे 42 फेरे. सहा तारांचे 252. ट्यूनर 18:1 चा असेल तर 324. जुनी तार पूर्ण उलटी फिरवून काढली, तर सोडवायलाही तेवढेच फेरे लागतात. बोटांनी एका वेळी जेमतेम अर्धा फेरा होतो, तेव्हा हे किती कंटाळवाणं काम आहे ते लक्षात येईल.

पण जुनी तार पूर्ण उलटी फिरवायची गरजच नसते. खुंटीचे आठ-दहा फेरे सोडून तार लोंबेपर्यंत सैल केली आणि साउंडहोलच्या (अकूस्टिकच्या पोटावरचं भोक) किंवा पिकअपच्या (इलेक्ट्रिकमध्ये तारांखाली असलेले चुंबक) वर मधोमध कापली, की दांड्यावरचे वेढे हातानेच निघून येतात. म्हणजे चांगला कटर हातात असेल तर निम्मं काम तिथेच वाचतं. उरलेल्या निम्म्यासाठी वाइंडर, म्हणजे खुंटीवर बसवून ती भराभर फिरवायचं अवजार. म्हणून आमचं मत असं, की पैसे कटरवर घाला, वाइंडर साधा घ्या. मोटरचा वाइंडर बहुतेकांना लागत नाही.

कटर: इथेच सगळ्यात जास्त फसगत होते

गिटारची तार दिसायला बारीक असते, पण असते कडक. संचाच्या नावातले आकडे म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. 10–46 च्या इलेक्ट्रिक संचातली सगळ्यात बारीक तार 0.25 मिलिमीटर, तर 12–53 च्या अकूस्टिक संचातली सगळ्यात जाड 1.35 मिलिमीटर. बारीक तार पूर्ण उच्च-कार्बन पोलादाची असते. जाड तारेवर ब्राँझचं किंवा निकेलचं वेष्टन असलं, तरी आतला गाभा त्याच पोलादाचा. तांब्याच्या वायरीसाठी बनवलेल्या कटरची धार या पोलादापेक्षा मऊ असते. मग तार कटरलाच कापते. पात्यावर अर्धगोल खाच पडते आणि पुढच्या वेळी तार नेमकी त्या खाचेत जाऊन बसते.

पर्याय चार.

नेलकटर नायलॉनच्या साध्या तारांना पुरतो. पोलादी तारेला लावला तर एक-दोन संचांत त्याची धार जाते, आणि तो नखांच्याही कामाचा राहत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा फ्लश कटर मोहात पाडतो. टोक निमुळतं, दांड्याला अगदी लागून कापता येतं, हातात हलका. पण ही पाती तांब्यासाठी पातळ घासलेली असतात. जाड बासच्या तारेवर टोकाचा तुकडा उडू शकतो, आणि तो डोळ्याच्या दिशेनेही जाऊ शकतो. पोलादी तारांसाठी हा घेऊ नका.

थ्री-इन-वन वाइंडरमधला कटर. डॅडारिओचा प्रो-वाइंडर हे त्याचं ओळखीचं उदाहरण: फिरवायचं डोकं, ब्रिज पिन (अकूस्टिकच्या ब्रिजवर तारेचं टोक धरून ठेवणारी खुंटी) काढायची खाच आणि मुठीत बसवलेला कटर, तिन्ही एकात. वर्षातून दोन-चार वेळा एकाच गिटारच्या तारा बदलणाऱ्याला हे पुरेसं आहे. अडचण येते ती कटरची मूठ आखूड असल्याने. जाड तारेला जोर जास्त लागतो, आणि पात्यांचा सांधा ढिला झाला की बारीक तार कापली न जाता दोन पात्यांच्या फटीत वाकून अडकते. जाड तार कापली जाते पण बारीक कापली जात नाही, हे उलटं वाटतं, पण झिजलेल्या कटरची हीच खूण आहे.

140 ते 160 मिलिमीटर लांबीचा, कडक तारेसाठी बनवलेला साइड कटर. पाकिटावर ‘पियानो वायर’ किंवा ‘हार्ड वायर’ असं लिहिलेलं आणि पुढे मिलिमीटरमध्ये मर्यादा दिलेली असते. ती बघूनच घ्या. निपेक्ससारख्या कंपन्या मऊ तार, कडक तार आणि पियानो वायर यांच्या मर्यादा वेगवेगळ्या देतात. दुकानात पाती मिटवून उजेडासमोर धरा; टोकाशी उजेडाची रेघ दिसली तर तो बाजूला ठेवा. असा कटर एकदा घेतला की गिटारच्या कामाला वर्षानुवर्षं पुरतो, आणि बास गिटारवाल्याला तर दुसरा पर्यायच नाही.

कटर कुठलाही असो, दोन गोष्टी पाळा. ताणलेली तार कधीही कापू नका. 12–53 च्या संचात एकेका तारेवर साधारण 10 ते 14 किलोचा ताण असतो आणि सुटलेलं टोक चेहऱ्यावर येतं. दुसरं, वेष्टनाची तार लांबीला आधीच कापायची असेल तर कापायच्या जागेच्या अलीकडे तिला काटकोनात वाकवा आणि वाकाच्या पलीकडे कापा. गोल गाभ्याच्या तारेत वेष्टन नुसत्या घर्षणावर टिकलेलं असतं. सरळ कापलं की ते आतून सैल होतं, आणि ती तार ट्यूनरवर नीट चढली तरी आवाज मंद, ठप्प येतो. षट्कोनी गाभ्याच्या तारेला हा धोका कमी, पण सवय एकच ठेवलेली बरी.

वाइंडर: हाताचा, बॅटरीचा की ड्रिलचा

| | वेग | तारेवरचा ताबा | कुणासाठी |
|---|---|---|---|
| साधा हाताचा | मध्यम | उत्तम | एक-दोन गिटार |
| थ्री-इन-वन | मध्यम | चांगला | अकूस्टिक, बॅगेत ठेवायला |
| बॅटरीचा | जास्त | बरा | रोज अनेक गिटार |
| ड्रिलला लावायचं डोकं | फार जास्त | सवयीवर | आधीच ड्रिल असलेल्यांना |

हाताच्या वाइंडरमध्ये दोनच गोष्टी तपासा. डोक्याची खाच तुमच्या खुंटीवर पूर्ण खोल बसते का, आणि आतून रबर आहे का. नुसत्या प्लॅस्टिकचं डोकं खडखडतं आणि खुंटीच्या चकाकीवर बारीक ओरखडे पाडतं. बास गिटारच्या खुंट्या मोठ्या असतात. गिटारचा वाइंडर त्यांवर बसत नाही. काही वाइंडरांना दोन्ही मापांच्या खाचा असतात, तेवढं विचारून घ्या.

एर्नी बॉलच्या पॉवरपेगसारखा बॅटरीचा वाइंडर वेळ वाचवतो हे खरं, पण वाचतात ती काही मिनिटं. शिकवणी घेणारे, दुरुस्ती करणारे, कार्यक्रमाआधी चार गिटार तयार करणारे यांना त्याचा उपयोग आहे. इतरांनी तेच पैसे कटरला द्यावेत.

ड्रिलमध्ये बसणारं, 6.35 मिलिमीटरच्या षट्कोनी दांड्याचं डोकं स्वस्त पडतं आणि कामही झटपट होतं. पण ड्रिल पहिल्या गिअरवर आणि क्लच सगळ्यात कमी आकड्यावर ठेवायलाच हवा. दुसऱ्या गिअरवर एक क्षण जास्त बटण दाबलं तरी तार तुटते, नाहीतर डोकं घसरून हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेलं मानेचं टोक) पॉलिशवर चरा पडतो. मोटर बॅटरीची असो वा ड्रिलची, ती फक्त सैल तार गोळा करण्यापुरती. तार नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) खाचेत बसून किंचित ताणली गेली की मोटर बाजूला ठेवा आणि शेवटचे फेरे हातानेच द्या.

वेढे किती हवेत याचंही माप आहे. दांडा साधारण 6 मिलिमीटर जाड, म्हणजे एका वेढ्याला जवळपास 19 मिलिमीटर तार लागते. तीन वेढ्यांना साडेपाच ते सहा सेंटिमीटर. एका ओळीत सहा खुंट्या असलेल्या हेडस्टॉकवर हे अंतर दोन खुंट्यांपुढे थोडंसं जातं, म्हणून ‘दोन खुंट्या पुढे मोजा आणि दांड्याच्या छिद्राशी वाकवा’ ही जुनी पद्धत बरोबर ठरते. जाड तारांना दोन-तीन वेढे, बारीक तारांना चार-पाच. वेढा वरून खाली, एकाखाली एक बसला पाहिजे. उजव्या हाताने वाइंडर फिरवताना डाव्या हाताची तर्जनी नटपाशी तारेवर ठेवून हलका दाब द्यायचा, तरच वेढे एकमेकांवर चढत नाहीत. हे बोट हाच सगळा ताबा, आणि मोटरच्या वेगात नेमकं तेच मागे पडतं. एकावर एक चढलेले वेढे पुढे आठवडाभर सरकत राहतात आणि गिटार सारखी बेसूर होते. दोष मात्र तारेला दिला जातो.

शेवटी उरलेलं टोक दांड्यापासून 2–3 मिलिमीटर ठेवून कापा. याहून लांब ठेवलं तर बोटात घुसतं.

ब्रिज पिन: खाच, पक्कड की आतून

हे फक्त पोलादी तारांच्या अकूस्टिकसाठी. वाइंडरच्या मागची खाच पिनच्या डोक्याखाली सरकवून उचलणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. पक्कड लावली तर प्लॅस्टिकच्या पिनचं डोकं तुटून राहतं आणि बुंधा भोकात अडकतो. पिन हटत नसेल तर आधी तार सैल करून ब्रिजपाशी थोडी आत ढकला. आतला बॉल (तारेच्या टोकाची गोळी) पिनला दाबून धरत असतो, तो खाली सरकला की पिन हाताने निघते. तरीही नाही निघाली, तर साउंडहोलमधून हात घालून पिनच्या खालच्या टोकाला नाण्याच्या कडेने वर ढकला.

नवी तार घालताना बॉलच्या वर तारेला हलका बाक द्या, पिनची खाच फ्रेटबोर्डकडे (मानेवरची बोटं ठेवायची पट्टी) ठेवा, आणि पिन दाबून धरत तार वर ओढा. बॉल आतल्या लाकडी पट्टीला टेकला पाहिजे. तो पिनच्या टोकावर राहिला तर सुरात आणताना पिन टपकन उडते. अशा वेळी पिन हातोडीने ठोकून बसवू नका, बॉलची जागा दुरुस्त करा.

सूर तपासायचा ट्यूनर: क्लिप की फोन

गोंगाटात क्लिप-ऑन ट्यूनर सरस, कारण तो आवाज नाही, लाकडाचं कंपन पकडतो. पण तारा बदलताना फोनवरच्या ॲपचा एक मोठा फायदा आहे. बरीच ॲप नुसतं स्वराचं नाव नाही, कोणत्या सप्तकातला स्वर आहे तेही दाखवतात. अनेक क्लिप ट्यूनर फक्त ‘जी’ दाखवतात. नवी तार चढवताना कान गोंधळला आणि 196 हर्ट्झची जी तार तुम्ही वरच्या सप्तकाकडे नेत राहिलात, तर ती तुटणारच. शांत खोलीत पहिल्यांदा तारा बदलत असाल तर ॲप वापरा. वाजवायला बाहेर जात असाल तर क्लिप घ्या. सवयीनंतर दोन्हींत फारसा फरक उरत नाही.

बाकीचं

गिटारची मान टेकवायला खास स्टँड घेतलाच पाहिजे असं नाही, गुंडाळलेला टॉवेल चालतो. उलट काही रबर आणि फोमचे स्टँड नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या पॉलिशशी रासायनिक क्रिया करून डाग पाडतात. जुन्या किंवा महागड्या गिटारखाली सुती कापडच बरं. नटच्या खाचांना 2बी पेन्सिलीचं शिसं लावलं तरी तार अडकणं थांबतं. फ्रेटबोर्डचं तेल रोजवुड आणि एबनीसाठी, तेही वर्षातून एक-दोनदा. पॉलिश केलेल्या मेपलला त्याची गरज नाही. फ्रेट घासायला स्टीलवूल वापरणार असाल तर पिकअप आधी कागदी टेपने झाका, नाहीतर लोखंडाचा भुगा चुंबकांना चिकटतो आणि तो निघता निघत नाही.

गिटार वेगळी, तर यादीही वेगळी

क्लासिकलवर वाइंडरचा फायदा सगळ्यात जास्त, कारण नायलॉनची तार पहिले काही दिवस ताणली जात राहते, म्हणून खुंट्या पुन्हा पुन्हा फिरवाव्या लागतात. कटर मात्र साधा चालतो, आणि पिनची खाच निरुपयोगी.

लॉकिंग ट्यूनर असतील तर वाइंडर घेऊच नका. तार दांड्याच्या छिद्रातून ओढून घट्ट धरायची, मागची चकती आवळायची, आणि एका वेढ्याच्या आतच ती सुरात येते. तिथे सगळं ओझं कटरवर.

फ्लॉइड रोझ ब्रिजवर (तारा दोन्ही टोकांना स्क्रूने आवळणारा, स्प्रिंगांवर हलणारा ब्रिज) कटर आणि 3 मिलिमीटरची ॲलन की, या दोन्हींवाचून काम सुरूच होत नाही. नटवरचे क्लॅम्प आणि सॅडलमधले (ब्रिजवर तार टेकते तो भाग) ठोकळे याच कीने उघडतात, आणि मूळ पद्धतीत तारेचा बॉल कापून टाकावा लागतो. स्वस्त, गोलावलेली की स्क्रूच्या खाचा खराब करते. मग तो स्क्रू काढण्याचा खर्च चांगल्या कीच्या कितीतरी पट पडतो. तारा एकेक करूनच बदला. सगळ्या एकदम काढायच्या असतील तर आधी ब्रिजखाली लाकडाचा ठोकळा सरकवा. तसं केलं नाही तर स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढतात आणि नंतर सगळा तोल नव्याने लावत बसावं लागतं.