परफेक्टेड स्ट्राइक, हेवी ब्लेड की श्रग इट ऑफ? ‘स्ले द स्पायर’मधलं बक्षीस घेताना

‘स्ले द स्पायर’ हा कार्डं खेळून लढायचा व्हिडिओ गेम. लढाई जिंकली की समोर आलेल्या तीन कार्डांतून एक आपल्या डेकमध्ये, म्हणजे गठ्ठ्यात, घेता येतं. आयर्नक्लॅड या पात्राचा रन (एक अख्खा डाव), पहिला ॲक्ट (टप्पा), चौथा मजला. 80 पैकी 52 एचपी (जीव) उरलेत. लढाई संपली आणि समोर तीन कार्डं उघडली: परफेक्टेड स्ट्राइक, हेवी ब्लेड, श्रग इट ऑफ. नकाशावर पुढे दोन खोल्या सोडून एलिट (नेहमीपेक्षा तगडा शत्रू) बसलाय. नवे खेळाडू या जागी हमखास अडतात, म्हणून ही तीनच कार्डं शेजारी ठेवून बघू. आकडे पहिल्या गेमचे आणि अपग्रेड न केलेल्या कार्डांचे आहेत. अपग्रेडचं जिथे बोलेन तिथे तसं सांगेन.

आधी पहिली दोन. दोन्ही हल्ले, दोन्हीला 2 एनर्जी, म्हणजे चालीला मिळणाऱ्या 3 मधल्या 2. हेवी ब्लेड 14 डॅमेज करतं. परफेक्टेड स्ट्राइक 6 करतं, वर नावात ‘स्ट्राइक’ असलेल्या प्रत्येक कार्डामागे 2, आणि त्यात ते स्वतःलाही मोजतं. सुरुवातीच्या डेकमध्ये 5 स्ट्राइक असतात, म्हणजे घेतल्या दिवशीच 18. तेवढ्याच एनर्जीत दोन साधे स्ट्राइक 12 देतात. म्हणजे हेवी ब्लेड त्यांच्याहून 2 ने सरस, परफेक्टेड स्ट्राइक 6 ने.

मग हेवी ब्लेड घ्यायचं कशाला? स्ट्रेंग्थसाठी, म्हणजे हल्ल्याच्या डॅमेजमध्ये भर घालणाऱ्या ताकदीसाठी. इतर कार्डांना स्ट्रेंग्थ एकपट मिळते, याला तिप्पट. इन्फ्लेम हे कार्ड खेळून 2 स्ट्रेंग्थ आली की दोघांचेही बरोबर 20 होतात. 5 स्ट्रेंग्थला हेवी ब्लेड 29 वर जातं, परफेक्टेड स्ट्राइक 23 वरच राहतं. शेकोटीवर अपग्रेड केलंत तर परफेक्टेड स्ट्राइक प्रत्येक स्ट्राइकमागे 3 मोजतं, म्हणजे लगेच 24. हेवी ब्लेड अपग्रेड केल्यावर स्ट्रेंग्थ पाचपट मोजतं, पण स्ट्रेंग्थच नसेल तर 14 चे 14.

उलट बाजूही आहे. पुढे दुकानात पैसे देऊन आपण साधे स्ट्राइक काढायला लागतो, आणि काढायलाच हवेत. तीन काढले की परफेक्टेड स्ट्राइक 12 वर येतं. पॉमेल स्ट्राइक, ट्विन स्ट्राइक मिळत गेले तर थोडी भरपाई होते, पण हे कार्ड उतरणीचं आहे आणि ते तसंच समजून घ्यावं. पहिला ॲक्ट पार करून दिला की त्याचं काम झालं.

इथे रमीची सवय आड येते, असं मला फार वाटतं. रमीत आपण दोन पत्ते धरून तिसऱ्याची वाट बघतो, कारण दर खेपेला नवा पत्ता ओढता येतो आणि नको तो टाकता येतो. या खेळात नको असलेलं कार्ड टाकायला दुकान गाठावं लागतं, पहिल्यांदा 75 सोनं मोजावं लागतं आणि नंतर दर वेळी 25 जास्त. तोवर ते कार्ड प्रत्येक लढाईत हातात येत राहतं.

मी एकदा स्ट्रेंग्थ येईलच या भरवशावर दोन हेवी ब्लेड घेतले. पहिल्या ॲक्टभर इन्फ्लेम दिसलंच नाही. समोर तीन सेंट्री (एकत्र येणारे एलिट), प्रत्येकाचे चाळीसच्या आसपास एचपी. हातात दोन हेवी ब्लेड, दोन डेझ्ड (खेळता न येणारी निकामी कार्डं) आणि एक डिफेंड (बचावाचं साधं कार्ड). 3 एनर्जीत एक ब्लेड आणि डिफेंड, संपला हात. एकाच सेंट्रीवर 14 गेले, बाकी दोघं तशीच उभी. त्या दिवशी क्लीव्ह घेतलं असतं तर 1 एनर्जीत तिघांवर 8-8, म्हणजे 24 झाले असते. हेच क्लीव्ह एकट्या ग्रेमलिन नॉब या एलिटसमोर साध्या स्ट्राइकपेक्षा फक्त 2 ने जास्त. कार्डाची किंमत समोर कोण उभा आहे त्यावर ठरते.

आता श्रग इट ऑफ. 1 एनर्जीत 8 ब्लॉक (तेवढा मार अडतो) आणि वर एक कार्ड ओढायला. डिफेंड 5 च देतं. कार्ड ओढतं, म्हणजे स्वतःची जागा स्वतःच भरून काढतं आणि डेक जड वाटत नाही. कॉमन कार्डांमध्ये माझं सगळ्यात आवडतं हेच. दुसऱ्या ॲक्टमध्ये मार इतका वाढतो की तिथे ते नसलं तर जाणवतं. पण ग्रेमलिन नॉबला स्किल (श्रग इट ऑफ, डिफेंडसारखी कार्डं) खेळलेलं खपत नाही. पहिल्या चालीनंतर तुमच्या प्रत्येक स्किलमागे त्याला 2 स्ट्रेंग्थ मिळते, ती त्या लढाईभर राहते, आणि त्याचा 14 चा तडाखा 16, मग 18 होत जातो. त्याचे एचपी 82 ते 86. बॅश या कार्डाने व्हल्नरेबल (मार दीडपट बसेल असा) करून परफेक्टेड स्ट्राइक मारलं तर 18 चे 27 होतात, जवळजवळ एक तृतीयांश नॉब एका कार्डात.

बॉस कोण आहे हे नकाशाच्या टोकाला आधीच दिसतं, तेही बघून घ्या. स्लाइम बॉसचे 140 एचपी निम्म्यावर आले की तो उरलेल्या एचपीनिशी दोन तुकडे होतो. 72 वर असताना मोठा तडाखा बसला तर तुकडे लहान निघतात. गार्डियन बचावात गेला की प्रत्येक हल्ल्याच्या कार्डामागे तुम्हाला 3 लागतात, म्हणजे तीन साधे स्ट्राइक खेळलात तर 9 आणि एकच मोठं कार्ड खेळलात तर 3. दोन्हीकडे जड हल्ला बरा.

काहीच न घेणं हाही पर्याय आहे, पण पहिल्या ॲक्टमध्ये मी तो क्वचित वापरतो. आयर्नक्लॅड 10 कार्डांनी सुरू करतो, दर चालीला 5 येतात, आणि त्या दहात बॅश सोडलं तर सगळे साधे स्ट्राइक आणि डिफेंड. बरं कार्ड आलं की सरासरी वाढतेच. पुढे डेक 25 वर गेला की एखादं ठरावीक कार्ड पाच चालींतून एकदा दिसतं. तेव्हा चौथं-पाचवं मध्यम कार्ड घेणं म्हणजे चांगल्या कार्डाला रांगेत मागे ढकलणं. तिथे बिनधास्त सोडा. सिंगिंग बोल हा रेलिक (रनभर जवळ राहणारी वस्तू) असेल तर कार्ड सोडल्याबद्दल कमाल एचपीही 2 ने वाढतात.

बॉस हरवल्यावर तिन्ही कार्डं रेअर (दुर्मिळ) येतात आणि तिथे नावाला भुलू नका. डिमन फॉर्म 3 एनर्जी, म्हणजे बहुतेकदा अख्खी चाल, खातं आणि पुढच्या चालीपासून दर चालीला 2 स्ट्रेंग्थ देतं. लांब लढाईत उत्तम, चार चालींत संपणाऱ्या लढाईत ओझं. बॅरिकेडने ब्लॉक टिकून राहतो, पण मुळात ब्लॉक भरपूर होत असेल तरच त्याचा उपयोग. ऑफरिंग 6 एचपी घेऊन 2 एनर्जी आणि 3 कार्डं लगेच देतं. त्याला कुठलीही जोडी लागत नाही, म्हणून तिघांतून मी डोळे मिटून तेच घेतो.

तर चौथ्या मजल्यावरच्या त्या तीन कार्डांत मी परफेक्टेड स्ट्राइक घेईन. इन्फ्लेम आधीच डेकमध्ये असेल तर हेवी ब्लेड. आणि एलिटला वळसा घालणारी वाट असेल, हाताशी दोन चांगले हल्ले आधीच असतील, तर श्रग इट ऑफ.