निवृत्त लढाऊ विमान: चबुतऱ्यावर, छपराखाली की मोडीत?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला, आणि तेव्हापासून पुण्यातल्या संस्थाचालकांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: एखादं विमान आपल्या आवारात आणता येईल का? हौस समजण्यासारखी आहे. लोहगाव, धानोरी, विमाननगर भागात सुखोई डोक्यावरून गेलं की फोनवरचं बोलणं थांबवायची सवय लोकांना लागून गेलीये. मिग-२९ इथे १९८७ मध्ये आलं, सुखोई-३० १९९७ मध्ये. अशा गावात कॉलेजच्या फाटकाशी खरं लढाऊ विमान असावं असं कुणाला नाही वाटणार?

हा आढावा अशाच निर्णय घेणाऱ्यांसाठी: इंजिनिअरिंग कॉलेजचे विश्वस्त, शाळेचं व्यवस्थापन, बागेत विमान बसवायचं ठरवणारे नगरसेवक. पर्याय चार आहेत: उघड्यावर चबुतऱ्यावर ठेवणं, छपराखाली ठेवणं, फक्त नाकाकडचा भाग किंवा इंजिन घेणं, आणि विमान नीट मोडीत निघू देणं. माझं मत आधीच सांगतो: छप्पर बांधायची तयारी नसेल तर अख्खं विमान मागू नका. पुढचं वाचून मत बदललं तर उत्तम.

हातात नेमकं काय येतं

प्रदर्शनासाठी मिळणारं विमान म्हणजे बरंचसं रिकामं कवच असतं. तोफ काढलेली असते, इंजिन बहुतेकदा नसतं, रडार आणि इतर संवेदनशील यंत्रणा काढून घेतलेल्या असतात. उरतो तो सांगाडा, पंख, शेपूट, चाकं आणि कॉकपिटमधली काही उपकरणं.

मिग-२१ लहान आहे. लांबी साधारण १५ मीटर, पंखांची रुंदी ७ मीटरच्या थोडी वर, रिकामं वजन साडेपाच टनांच्या आसपास. पंख बोल्टने सुटतात, आणि इंजिन काढण्यासाठी धडाचा मागचा भाग मुळातच वेगळा होण्यासारखा बनवलेला आहे. त्यामुळे ट्रेलरवरून शहरातून आणणं जमतं. मिग-२३ आणि मिग-२७ ची गोष्ट वेगळी. वजन जवळपास दुप्पट आणि पंख मागेपुढे होणारे. ते पसरले तर रुंदी १४ मीटर, मागे दुमडले तर आठच्या आत. घोरपडीच्या युद्ध स्मारकात मिग-२३ बीएन उभं आहे. एकदा मुलांना घेऊन जा आणि फोटो काढून झाल्यावर विमानाभोवती फिरून जागेचा अंदाज घ्या. कागदावरचे मीटर आणि समोरचं धूड यांत बराच फरक असतो.

विमान कुठलंही असो, पहिला कागद मागायचा तो खुर्चीचा. वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची स्फोटक काडतुसांवर चालते, काही विमानांत कॅनॉपी (कॉकपिटवरची पारदर्शक झाकणी) उडवण्यासाठीही वेगळी काडतुसं असतात. ती काढून यंत्रणा निकामी केल्याचं लेखी प्रमाणपत्र नसेल तर विमान आवारात घेऊ नका. गॅदरिंगच्या दिवशी एखादा पोरगा कॉकपिटमध्ये बसून लाल हँडल ओढणार नाही याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

उघड्यावर: स्वस्तात सुरू होतं, स्वस्तात चालत नाही

सगळ्यात जास्त विमानं याच वाटेने जातात, म्हणून इथे जरा थांबू.

ॲल्युमिनियमला गंज चढत नाही हा समज पहिल्यांदा काढून टाका. विमानाचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो. त्यात तांबं किंवा जस्त मिसळून ताकद वाढवलेली असते, आणि या मिश्रणालाच गंज लवकर धरतो. त्यात स्टीलचे बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा यांच्या सांध्यात पाणी राहिलं की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि पत्रा खाल्ला जातो. लोखंडासारखा तांबडा गंज दिसत नाही. रिव्हेटभोवती पांढरी पावडर दिसते, रंगाला फुगे येतात, आणि काही वर्षांनी पत्र्याचे पापुद्रे सुटायला लागतात. ते बाहेरून दिसेपर्यंत आत बरंच काही घडून गेलेलं असतं.

सेवेत असताना हेच विमान वर्षानुवर्षं टिकतं, कारण रोज कुणीतरी ते पुसतं, तपासतं, पावसात झाकतं. संस्थेत आल्यावर हे काम कुणाकडे? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘माळीकाका’ असतं.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात, टूसानजवळच्या डेव्हिस-मॉन्थन तळावर, हजारो विमानं उघड्यावर ठेवतात. तिथली हवा कोरडी, पाऊस नावाला, जमीन इतकी टणक की चाकांखाली काँक्रीटही लागत नाही. तरीसुद्धा काचा आणि फटी पांढऱ्या लेपाने बंद करतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओल असते. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, खडकवासल्याकडे सरकलात की आणखी वाढतो. कोकणापेक्षा पुणे बरं, हे खरं. गोव्यात बोगमाळोच्या नौदल संग्रहालयातल्या विमानांना पावसाच्या जोडीला खारा वाराही सोसावा लागतो. पण बरं म्हणजे कोरडं नव्हे.

पावसाळा संपला की ऊन. रंग फिका पडणं ही त्यातली किरकोळ गोष्ट. कॅनॉपीचं ॲक्रिलिक बारीक भेगांनी भरतं आणि दुधी होतं, टायर तडकतात. पुण्याचा खास शत्रू म्हणजे पारवे. इंजिनाचं तोंड आणि मागची नळी मोकळी ठेवलीत तर महिन्याभरात घरटी होतात. विष्ठा आम्लधर्मी असते, ती साचली की पत्रा खाते. मधमाश्यांनाही या पोकळ्या आवडतात, आणि पोळं काढायला येणारा माणूस धूर करायला विमानाच्या आत काय पेटवेल ते सांगता येत नाही.

उघड्यावर ठेवायचंच असेल तर काही गोष्टींना पर्याय नाही. पोटाखालची पाणी जाण्याची भोकं मेअखेर मोकळी करायची. इंजिनाच्या दोन्ही तोंडांना जाळी किंवा झाकण, पण हवा खेळती हवी. वजन टायरवर न ठेवता जॅक लावायच्या जागी स्टीलचे स्टँड. विजेपासून अर्थिंग. रंग विमानाच्या पत्र्याला चालणाऱ्या प्रायमरवर. घराच्या ग्रीलला मारतात तो चकचकीत ऑइलपेंट मारला की विमान सहा महिने सुंदर दिसतं, नंतर त्याखाली ओल कोंडते. शिवाय स्थानिक पेंटर शेपटीवरच्या तिरंगी पट्ट्यांचा क्रम हमखास चुकवतो, तेव्हा जुना फोटो त्याच्या हातात द्या.

आणि तो आवडता प्रकार: खांबावर, नाक वर करून, उड्डाण घेतल्यासारखं. दिसतं झकास. पण मिग-२१ चं इंजिन मागच्या भागात असतं. ते काढलं की वजनाचा मध्य पुढे सरकतो, म्हणून पुस्तकातला आकडा घेऊन खांब बसवता येत नाही. वाऱ्याचा जोर, वळवाच्या आधीची वादळं, विमानाच्या मुख्य चौकटीलाच धरणारा आधार, या सगळ्याचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरने सही करून द्यायला हवा. शिवाय खांबावर चढवलेल्या विमानाची पाण्याची भोकं तपासायला दर वेळी क्रेन आणावी किंवा परांची बांधावी लागते. मग ती तपासणी होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

छपराखाली: खर्च आधी, निवांतपणा नंतर

इथे सांगण्यासारखं कमी आहे, कारण अडचणीच कमी आहेत. मिग-२१ साठी साधारण २० मीटर बाय १२ मीटरची शेड घेतली तर भोवती माणसं आरामात फिरतात. भिंती नसल्या तरी चालेल. वातानुकूलन नको. पाऊस आणि थेट ऊन अडवणारं पत्र्याचं छत, उतार बाहेरच्या बाजूला, खाली काँक्रीट आणि पारव्यांसाठी जाळी एवढ्याने वर सांगितलेल्या बहुतेक कटकटी संपतात. फर्ग्युसन रस्त्यावरच्या जागेच्या भावात २४० चौरस मीटर शेड कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. पण वाघोली, लोणीकंद, ताथवडे पट्ट्यातल्या बऱ्याच कॅम्पसमध्ये याहून मोठी पार्किंग शेड आधीच उभी असते.

दोन्ही पर्याय शेजारी ठेवले तर फरक पैशाच्या वेळेत आहे. शेडचा पैसा एकदाच आणि समारंभाआधी लागतो, देणगीदाराचं नावही त्यावर लागतं. उघड्यावरच्या विमानाचा खर्च दर काही वर्षांनी येतो, परांची बांधून रंग खरवडण्याचा. त्या कामाला देणगीदार मिळत नाही.

नाकाचा भाग किंवा इंजिन: सगळ्यात कमी विचारला जाणारा पर्याय

ब्रिटनमध्ये अनेक जुन्या बॉम्बरांचं आणि लढाऊ विमानांचं फक्त नाक जतन केलेलं आहे. कार्डिफच्या संग्रहालयातलं एक व्हल्कन बॉम्बर १९९० च्या दशकात भंगारात गेलं, त्याचं नाक वाचलं आणि आज ग्लॉस्टरशरमधल्या जेट एज म्युझियममध्ये आहे. तिथे अशी कॉकपिट घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करणारी हौशी मंडळीही आहेत.

शिकवण्याच्या दृष्टीने मला हाच पर्याय जास्त पटतो. नाकाचा भाग ट्रकवर येतो, हॉलमध्ये मावतो, कोरडा राहतो, आणि लोकांना नाहीतरी कॉकपिटमध्येच डोकवायचं असतं. मेकॅनिकल विभागासाठी तर विमानापेक्षा इंजिन मोलाचं. मिग-२१ च्या ‘बिस’ या प्रकाराचं आर-२५ हे इंजिन म्हणजे दोन शाफ्टचं, आफ्टरबर्नरवालं (जादा जोरासाठी मागच्या नळीत पुन्हा इंधन जाळणारं) टर्बोजेट. वजन साधारण १२०० किलो. बाजू कापून आतले कॉम्प्रेसरचे टप्पे आणि टर्बाइन उघडं दाखवलं तर तासाभरात मुलांना जे कळतं ते फळ्यावरच्या आकृतीने कळत नाही.

एक सावधगिरी मात्र इथेच जास्त लागते. जुन्या विमानांच्या काही डायलवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग असतो. चमक कधीच गेलेली असली तरी किरणोत्सर्ग शिल्लक असतो. डायल फोडायची नाही, खरवडायची नाही. आधी मीटरने तपासणी, गरज पडली तर डायल काढून रीतसर विल्हेवाट. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं एक जुनं प्रयोगशाळेतलं यंत्र विकलं गेलं होतं आणि त्यात एक माणूस दगावला. डायलमधली मात्रा त्या मानाने फारच कमी, पण ‘जुनी वस्तू, काय होतंय’ ही वृत्ती तीच.

मोडीत काढणं: यात कमीपणा काही नाही

सैन्य स्वतः विमानं मोडतं, आणि त्यामागे हिशेब असतो. ब्रिटनच्या हवाई दलाने टॉर्नेडो विमानं एकेक करून उलगडली आणि निघालेले सुटे भाग उडणाऱ्या टॉर्नेडोंना दिले. अमेरिकन नौदलाने एफ-१४ २००६ मध्ये निवृत्त केलं आणि पुढे बरीच विमानं तुकडे करून संपवली, कारण जगात तेच विमान वापरणारा दुसरा देश इराण होता आणि सुटे भाग तिकडे जायला नको होते. बी-५२ चं तर जाहीर कापकाम झालं. रशियाबरोबरच्या करारानुसार ३६५ बॉम्बर सुमारे सहा टनांच्या पात्याने तोडून उघड्यावर ठेवले, म्हणजे उपग्रहातून समोरच्याला मोजता यावेत.

आपल्याकडे संरक्षण खात्याचं भंगार साधारणपणे एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून जातं. पण संस्थेकडे असलेलं, कुजलेलं विमान पुढे काढायची वेळ आली तर ते थेट ओळखीच्या भंगारवाल्याला देऊन मोकळं होऊ नका. हिरवट-पिवळ्या प्रायमरमध्ये विषारी क्रोमेट असतं. बोल्टवर कॅडमियमचा मुलामा असतो, गॅस कटर लावला की त्याचा धूर फुफ्फुसात जातो. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. काही भाग मॅग्नेशियमच्या मिश्रणाचे असतात. ते पेटले आणि कुणी घाबरून पाणी ओतलं तर आग आणखी भडकते. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी उरलंसुरलं रॉकेल आणि हायड्रॉलिक तेल काढायचं, मग ऑक्सिजनच्या बाटल्या, बॅटरी आणि अग्निशामक बाटल्या, मग डायल, आणि कापकाम सगळ्यात शेवटी, शक्य तिथे गॅसऐवजी यांत्रिक कात्रीने. धातू वेगवेगळे केले तरच भाव मिळतो. तांबंवालं आणि जस्तवालं ॲल्युमिनियम एकत्र गेलं की ते हलक्या प्रतीचं ठरतं. वितळवून पुन्हा वापरण्यात मात्र मोठा फायदा आहे: नव्या ॲल्युमिनियमला लागते त्याच्या साधारण ५ टक्केच ऊर्जा पुरते.

पुणेकरांना याचं एक उदाहरण जवळचं आहे. आयएनएस विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून राहिली, २०१२ मध्ये ते बंद झालं आणि २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. तिच्या पोलादातलं काही आकुर्डीच्या बजाजने घेतलं आणि २०१६ च्या व्ही-१५ मोटरसायकलमध्ये वापरलं. हळहळलो आपण सगळेच. पण पाण्यावरचं जहाज सांभाळायला दर वर्षी लागणारा पैसा भावनेतून उभा राहिला नाही.

मग कुणी काय करावं

विमान किती दुर्मीळ आहे, हे आधी बघा. एचएएल या सरकारी विमान कंपनीने देशात बनवलेलं मारुत हे लढाऊ विमान १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं, एकूण १४७ बनली आणि १९९० पर्यंत सगळी सेवेतून गेली. मुंबईच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये एक बघायला मिळतं. असं विमान हाताशी आलं तर छपरासाठी वर्गणी काढा, त्याचं नाक कापायचा विचारही करू नका. मिग-२१ मात्र हवाई दलाने ८०० हून जास्त घेतली, त्यातली पुष्कळ आपल्या ओझरला बनली. देशभर चौकाचौकांत ती उभी आहेत. आणखी एक उघड्यावर कुजल्याने इतिहासात भर पडत नाही.

म्हणून शाळेने इंजिन किंवा नाक घ्यावं. जागा आणि मेकॅनिकल-एरोनॉटिकल विभाग असलेल्या कॉलेजने शेडखाली मिग-२१ घ्यावं, आणि देखभाल दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या प्रॅक्टिकलमध्ये बसवावी. प्राचार्य बदलले तरी वेळापत्रक टिकतं. बागेत किंवा चौकात काहीतरी हवंच असेल तर फक्त उभी शेपूट बसवा. ती ओळखू येते, पोकळी कमी असल्याने पाणी फारसं साचत नाही, आणि शिडी लावून एका दिवसात रंगवता येते.

अर्ज करताना तीन गोष्टी सोबत जोडा: शेडचा किंवा हॉलचा नकाशा, देखभाल कोणत्या विभागाकडे राहील याचा संचालक मंडळाचा ठराव, आणि पुढे विमान सांभाळणं जमलं नाही तर ते कुणाला कळवून, कसं परत किंवा मोडीत द्यायचं याची लेखी विचारणा. तिसऱ्याचं उत्तर हातात आल्याशिवाय ट्रेलर ठरवू नका.