बॅकअप तपासायचा कसा: टार, शा-256, रेस्टिक की सरळ रिस्टोअर?

नाशिकमधल्या अंबड-सातपूरकडच्या एखाद्या लहान कारखान्यात किंवा कॉलेज रोडवरच्या सीएच्या ऑफिसात एकच लिनक्स सर्व्हर असतो. रात्री क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) चालतो, सकाळी ‘बॅकअप झाला’ असा मेल येतो आणि सगळे निवांत. तो मेल पुरेसा नाही हे ज्यांना पटलंय, पण पुढे नेमकं काय करायचं हे ठरत नाही, त्यांच्यासाठी ही तुलना.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामची स्वतःची चाचणी. फाइल मध्येच खराब झाली असेल तर सीआरसी (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, म्हणजे एक चेकसम) जुळत नाही आणि लगेच कळतं. नुसत्या टारमध्ये, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या प्रकारात, तेवढंही नाही. टारचा चेकसम फक्त प्रत्येक फाइलच्या हेडरपुरता (नाव, आकार वगैरे माहितीपुरता) असतो, आतल्या मजकुरातला एखादा बिट उलटला तरी टार मुकाट्याने फाइल काढून देतो. म्हणून कॉम्प्रेस न केलेला टार ठेवत असाल तर सोबत वेगळा चेकसम हवाच.

पण जीझिपही फसतो, आणि ही गोष्ट अनेकांच्या स्क्रिप्टमध्ये दडलेली असते. टारचं आउटपुट पाइपने, म्हणजे थेट, जीझिपला दिलं आणि टार अर्ध्यात मेला, तर जीझिपच्या दृष्टीने इनपुट संपलं. तो अर्धवट माल नीट बांधून फाइल बंद करतो. शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल धरतो, म्हणजे स्क्रिप्टच्या लेखी सगळं यशस्वी. जीझिपची चाचणीही पास. बॅश या शेलमध्ये ‘पाइपफेल’ चालू करा (मग पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी कळतं) आणि टारकडून आतल्या फाइलींची यादी शेवटपर्यंत काढून बघा. फाइल जिथे तुटली असेल तिथे टार तक्रार करतो.

शा-256ची यादी, म्हणजे प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या चेकसमची यादी, ही याच्या पुढची पायरी. लाइट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली, यूएसबी डिस्कवर कॉपी अर्धी राहिली, अशा वेळी ती लगेच सांगते. अट एकच: यादी मूळ सर्व्हरवर तयार व्हायला हवी आणि बॅकअपच्या डिस्कपासून वेगळी राहायला हवी. खराब प्रतीवरून यादी बनवली तर खराबीवरच शिक्का बसतो. एमडी5 हा जुना चेकसम अपघाती बिघाड पकडायला चालतो, पण कोणी मुद्दाम फेरफार करेल ही भीती असेल तर नको.

फाइली दुसरीकडे कॉपी करणारा आरसिंक वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: तो एरवी फक्त आकार आणि वेळ बघतो. मजकूर ताडायचा तर चेकसमचा पर्याय द्यावा लागतो, आणि मग दोन्ही बाजूंच्या फाइली पूर्ण वाचल्या जातात.

रेस्टिक आणि बोर्ग या बॅकअपच्या प्रोग्राममध्ये ही कटकट बरीच कमी होते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी यातलंच एक घ्यायला सांगेन. तरी रेस्टिकचा साधा ‘चेक’ फक्त रचना तपासतो, साठवलेला डेटा वाचत नाही. सगळा डेटा वाचायला सांगितला की वेळ जातो: 500 जीबी, सेकंदाला 100 एमबी देणाऱ्या डिस्कवर, दीड तासाच्या आत होतं. तेच रिपॉझिटरी (बॅकअपचा साठा) क्लाउडवर आणि ऑफिसची लाइन 50 एमबीपीएसची असेल तर 22 तास. त्यावर तोड म्हणजे रोज रात्री सातवा हिस्सा वाचायचा, आठवड्यात फेरी पूर्ण. बोर्गमध्ये ‘व्हेरिफाय-डेटा’ हा पर्याय आहे.

झेडएफएस या फाइल सिस्टिमचा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) चांगला, पण तो डिस्कवर जे आहे ते शाबूत आहे एवढंच सांगतो. पूल (झेडएफएसचा डिस्कांचा गट) एकाच डिस्कचा असेल तर फाइल बिघडल्याचं कळेल, दुरुस्ती बहुधा होणार नाही.

आता डेटाबेस. चालू डेटाबेसच्या फाइली सरळ कॉपी केल्या तर वरच्या सगळ्या तपासण्या पास होतील आणि ईआरपी (कारखान्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर) तरीही उठणार नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 13व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2020 पासून, बेस बॅकअप (डेटाबेसच्या फाइलींची पूर्ण प्रत) पडताळायचं वेगळं साधन आहे, पण रिस्टोअर करून बघा असं तिथले दस्तऐवजही बजावतात. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीला बॅकअप न तपासल्याचं फळ भर चव्हाट्यावर भोगावं लागलं. डेटाबेसचा डंप (प्रत) घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं होतं म्हणून बॅकअप फेल होत होते, आणि तसं कळवणारे मेल पोचतच नव्हते.

त्यामुळे महिन्यातून एकदाच वेळ काढता येत असेल तर तो चेकसममध्ये घालवू नका, रिस्टोअरमध्ये घाला. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर बॅकअप उतरवा, डेटाबेस सुरू करा आणि आदल्या दिवशीचं शेवटचं बिल दिसतंय का ते अकाउंटंटकडून बघून घ्या. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मालक पहिल्यांदा तेच विचारतात. रोजच्या रात्रीसाठी रेस्टिकचा सातवा हिस्सा किंवा शा-256ची यादी, यातलं जे स्क्रिप्टमध्ये बसेल ते. आणि जुन्या पीसीवर बसल्यावर रेस्टिकचा पासवर्ड मूळ सर्व्हरला हात न लावता मिळतो का, तेही त्याच दिवशी बघा. तो फक्त त्या सर्व्हरवर असेल तर सर्व्हर गेल्या दिवशी बॅकअप असूनही उघडता येणार नाही.