‘नोसी बे’ची म्हणून विकलेली मादी

पँथर कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा एक सरडा, घ्यायचा विचार असेल आणि विकणारा डब्यावर गावाचं नाव लिहून वर पैसे मागत असेल, तर पाकीट काढण्याआधी हे वाचा. विशेषतः मादी घेणार असाल तर.

गावांची भानगड मुळात खोटी नाही. हा प्राणी मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्याकडचा, आणि तिथे गाव बदललं की नराचा रंग बदलतो. आंबिलोबेच्या नरावर निळे नाहीतर लाल पट्टे, आंबांजाच्या नरावर गडद निळे-जांभळे, नोसी बे बेटावरचा जवळपास एकरंगी निळसर हिरवा, आणि आंकारामीचा चक्क गुलाबी. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या मिशेल मिलिंकोविच यांच्या गटाने ३२४ प्राण्यांचं रक्त आणि फोटो तपासले, तेव्हा रंग, जनुकं आणि ठिकाण यांचा मेळ बसला. ही एक नसून अकरा प्रजाती असाव्यात, इथवर त्यांनी म्हटलं. म्हणजे गावाला अर्थ आहे, म्हणूनच त्याला भावही आहे.

घोळ होतो तो मादीपाशी. कुठल्याही गावची असो, ती फिकट तपकिरी-गुलाबी. पिल्लंही सुरुवातीला सगळी मातकट. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरणाऱ्याला निदान वासाची धास्ती असते, इथे तीही नाही.

माझ्याकडे नोसी बेचा नर आहे, त्याच्या आजा-आजीपर्यंतचे फोटो असलेला. त्याला जोडीदारीण हवी होती. इथे न्यू जर्सीत एका रेप्टाइल एक्स्पोमध्ये पाटी दिसली, ‘नोसी बे, इम्पोर्टेड मादी’. शेजारच्या बिनगावाच्या माद्यांपेक्षा भाव दुप्पट. विक्रेता बोलायला गोड. विचारायच्या आत त्याने सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परवान्याची प्रत पुढे सरकवली, शिक्क्यासकट. मी ती वाचली. प्रजातीचं लॅटिन नाव, नग, देश मादागास्कर, आणि स्रोताच्या जागी ‘डब्ल्यू’, म्हणजे जंगलातून धरलेले. गावाचा उल्लेख कुठेच नाही. असणारही नाही, कारण सायटिसचा हिशोब प्रजातीचा असतो. मग त्याने मोबाइलवर निर्यातदाराची यादी दाखवली, त्यात ‘नोसी बे’ होतं. त्याच खेपेतला म्हणून एका देखण्या निळ्या नराचा फोटोही दाखवला.

घरी आणून वेगळी ठेवली, नराची गाठही पडू दिली नव्हती, तोच बाई कुंडीतली माती उकरायला लागल्या. जंगली मादी गाभण येणं नवलाचं नाही. शिवाय एकदा मीलन झालं की ती वीर्य साठवून ठेवते आणि पुढची अंडीही त्यावरच घालते. अंडी महिनोन् महिने उबवली. पिल्लं निघाली, वाढली, आणि नर रंगावर यायला लागले तसे पट्ट्यांमध्ये विटकरी लाल उतरायला लागला. आधी एकाच्या कुशीवर डाग, मग सगळ्या भावांच्या अंगावर आडवे पट्टे. नोसी बेचा नर असा दिसत नाही.

बाप बेटावरचा नव्हता, एवढं उघड झालं. आई कुठली, ते रंगावरून ठरवता येत नाही. ती मुळात आंबिलोबेकडची असेल, किंवा खरंच बेटावरची असून अंतानानारिव्होला निर्यातदाराच्या पिंजऱ्यात परक्या नराबरोबर राहिली असेल. पकडणारा एक, गोळा करणारा दुसरा, राजधानीत साठवणारा तिसरा. नोसी बेची बोट जिथून सुटते ते आंकिफी आंबांजाजवळच आहे, तेव्हा मुख्य भूमीवरचं जनावर कागदावर बेटावरचं व्हायला फार प्रवास लागत नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, “आयातदाराने सांगितलं तेच मी सांगितलं.” आयातदाराने निर्यातदाराकडे बोट दाखवलं, तिथून उत्तरच नाही. तो देखणा निळा नर मी इमेज सर्चला टाकला, तर तो युरोपातल्या एका ब्रीडरच्या घरचा निघाला. इथे मात्र ‘मला तसं सांगितलं’ चालत नाही, ही सरळ लबाडी आहे.

‘एफ-वन’ ऐकूनही भुलू नका. त्याचा अर्थ जंगली आईबापांची पहिली पिढी, कुठल्या जंगलातल्या ते त्यात येत नाही. मादी घ्यायची तर इथेच जन्मलेली घ्या, जिच्या बापाचे, रंगावर आलेल्या भावांचे आणि आईच्या बापाचे फोटो ब्रीडर स्वतःहून दाखवतो. इम्पोर्टेड मादीला गावासाठी एक डॉलरही जादा देऊ नका. भारतातून विचारणाऱ्यांसाठी एवढंच, की २०२२ च्या दुरुस्तीनंतर सायटिसच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगायचे तर वन्यजीव कायद्याखाली नोंदणी लागते, ती आधी बघा.

आणि गाव पावतीवर लिहून घ्या. माझ्या पावतीवर फक्त ‘पँथर, मादी, १’ होतं, आणि पैसे परत नाकारताना त्याने नेमकं तेच दाखवलं. लिहून द्यायला जो कां-कूं करेल, त्याच्याकडून बिनगावाच्या भावात घ्या, नाहीतर पुढच्या टेबलाकडे जा. लाल पट्टेवाली पिल्लं मी ‘गाव अज्ञात’ असं लिहून पाळण्यापुरती दिली, जोडी लावायची नाही या अटीवर. माझा नर अजून एकटाच आहे.