मानेतून चढणारी डोकेदुखी: गोळी की फिजिओथेरपी?

वहिनींचं डोकं मानेमागून दुखायला लागतं आणि कळ एका बाजूने डोळ्यापर्यंत येते. गोळी घ्यावी की फिजिओथेरपी लावावी, ठरत नाहीये. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची नस आत एकाच ठिकाणी जुळतात, म्हणून मान बिघडली तरी कपाळ ठणकतं.

गोळी स्वस्त, आराम लवकर. पण मान आखडलेलीच राहते. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून 15 दिवस, असं महिनोनमहिने घेतल्या तर त्यांनीच डोकं दुखू शकतं.

फिजिओथेरपीला पैसे जास्त, वेळही. शिवाय घरी रोज व्यायाम हवाच: मान न वाकवता हनुवटी सरळ मागे ओढून धरायची. फरक काही आठवड्यांनी दिसतो, पण व्यायाम चालू ठेवला तर बराच टिकतो.

कधीमधी दुखत असेल तर गोळी पुरे. वरचेवर मानेतूनच उठत असेल तर माझं मत फिजिओथेरपीला. अचानक असह्य दुखलं, सोबत ताप किंवा हाताला बधिरपणा आला, तर आधी डॉक्टर गाठा.