ट्रॅक्टरची बॅटरी उतरते म्हणून १३,९०० रुपयांना बुडालो

गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीकडे ज्यांच्याकडे मिनी ट्रॅक्टर आहे त्यांनी हे जरूर वाचावं. लिहायला लाज वाटते. नऊ वर्षं मी स्वतः ट्रॅक्टर हाकतो, ऑइल-फिल्टर घरी बदलतो, तरी जून २०२४ मध्ये एका फिरत्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मला धडधडीत लुटलं.

मृग लागला होता, तरवा (भाताची रोपं) तयार होता, चिखलणी तोंडावर. ट्रॅक्टर दोन-तीन दिवस उभा राहिला की चावी फिरवल्यावर नुसतं टक्-टक्. दुसऱ्या गाडीवरून वायर लावून सुरू केला की दिवसभर काही तक्रार नाही. शेजारच्या गावात काम करून जाणाऱ्या या माणसाला बोलावलं. तो आला, स्क्रूड्रायव्हरने टर्मिनलवर खटकन ठिणगी पाडली आणि म्हणाला, "बाब, बॅटरी मेली." करंट मोजायचा मीटर पेटीतून बाहेरसुद्धा काढला नाही. माझी बॅटरी चौदा महिन्यांची होती, २४ महिन्यांच्या वॉरंटीचं कार्ड कपाटात होतं. ते मला त्या दिवशी आठवलं नाही.

नवी बॅटरी ६,२००. जुनीचे ३०० वजा केले आणि ती स्कूटरवर घालून नेली. तेवढ्याच आकाराच्या मेलेल्या बॅटरीचे शेजाऱ्याला म्हापशाच्या भंगारवाल्याने १,१०० दिले होते. बिल मागितलं तर म्हणे, "पक्कं बिल पाहिजे तर २८ टक्के जीएसटी वर पडेल." मी गप्प बसलो. पक्क्या बिलाशिवाय बॅटरी घेऊ नका, कितीही पाऊस असो.

आता तो क्षण, जो आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. चावी काढलेली, दिवे बंद, आणि त्याने नव्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला वायर टेकवली तर चर्रकन ठिणगी उडाली. मी विचारलं, "सगळं बंद आहे ना, मग ही कशी?" तो म्हणाला, "नवी आहे, जोर आहे तिच्यात." आमच्या साध्या ट्रॅक्टरवर ना संगणक ना घड्याळ. सगळं बंद असताना तशी ठिणगी म्हणजे कुठेतरी करंट चालू आहे. माझ्या तोंडून प्रश्न बरोबर निघाला होता आणि मी त्याचं उत्तर मान्य केलं!

पाचव्या दिवशी पुन्हा टक्-टक्. मग "डायनेमो गेला" म्हणून तो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) काढून नेला, तीन दिवसांनी चकचकीत रंगवून आणला. आत नवी डायोड प्लेट (बॅटरीतला करंट उलटा येऊ न देणारी) घातली म्हणून ४,८००. पुन्हा उतरली, तर "वायरिंग कुजलंय", १,७००. तीन खेपांचे ५०० प्रमाणे १,५००. सगळं रोख. शिवाय भाड्याच्या ट्रॅक्टरला ४,५०० गेले ते वेगळेच. कोणी म्हणेल, तिसऱ्यांदा पैसे का दिलेस? अहो, तरवा पिवळा पडत होता. शेत डोळ्यांदेखत वाया जाताना माणूस पैसे देतो.

दोडामार्गचा मावसभाऊ आला तेव्हा खरं कळलं. त्याने ऋण वायर काढली आणि टर्मिनल व वायर यांच्या मधे मीटर दहा अँपिअरवर ठेवून जोडला. (मीटर असा जोडलेला असताना चावी अजिबात फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल.) आकडा आला ०.६८ अँपिअर. असा साधा ट्रॅक्टर बंद असताना तो आकडा ०.०५ च्या खाली राहायला हवा. दिवसाला सोळा अँपिअर-तास गळत होते, म्हणजे पन्नास अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी. एकेक फ्यूज काढत गेलो, आकडा हलला नाही. मग डायनेमोची जाड वायर सोडली आणि आकडा ०.०१ वर आला. ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना डायनेमो सकाळी किंचित कोमट का लागतो, तेही तेव्हा कळलं. डायोड आतून गळत होता.

डायनेमो उघडला तर प्लेट जुनीच. फक्त रंग मारलेला. बाजूला माझ्याच हातून पडलेला टवका रंगाखाली तसाच होता. नवी प्लेट ६५०, मजुरी ३००. साडेनऊशे रुपयांचं काम होतं हे! माझी जुनी बॅटरी चांगली होती, तिला फक्त चार्जिंग हवं होतं. त्याने दिलेली "नवी" चवथीच्या आधीच बसली. स्टिकर सोलला तर खाली दुसऱ्या कंपनीचा स्टिकर, आणि तारखेचा कोड कानशीने घासलेला. कोड नीट वाचता येत नसेल तर ती बॅटरी हातात घेऊ नका.

सप्टेंबरात ठाण्यावर गेलो. "पैसे तुम्हीच दिलेत ना? हा दिवाणी मामला." दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी म्हणे, प्रकार जूनचा, तेव्हा जुनं ४२० कलम, जुलैपासून ३१८ आलंय, अर्ज नव्याने लिहून आणा. नव्याने लिहून नेला तर त्याची पोचसुद्धा दिली नाही. चार चकरा, चारही वेळा बाकावर तासभर. एका सरकारी कचेरीत तर सांगितलं की ट्रॅक्टर धंद्यासाठी, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. हे साफ खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. मी वकील नाही, शेतकरी आहे. मला हे वाचून कळतं, तर खुर्चीत बसलेल्याला का कळू नये?

काढलेला सुटा भाग दुरुस्तीवाल्याला परत नेऊ देऊ नका. नेलाच तर आधी फोटो काढा, खूण करा. माझ्याकडे टवक्याचा फोटो जुना नव्हता, म्हणून तो माणूस फोनवर सरळ म्हणाला, "तुमचा डायनेमो वेगळा असेल." त्यानंतर फोन बंद.

अर्ज आयोगात दिला आहे. ती घासलेल्या कोडची बॅटरी मी विकलेली नाही, गोठ्यात पोत्यावर ठेवली आहे. गेल्या आठवड्यात तो माणूस पुन्हा आमच्या बाजूला दिसला असं दोघांनी सांगितलं. स्कूटर तीच, मागे लाकडी पेटी. दारात आला तर आधी मीटर लावायला सांगा आणि आकडा स्वतः वाचा.