डीएनएसवर जाहिराती अडवायच्यात? होस्ट्स फाइलपासून अ‍ॅडगार्ड होमपर्यंत, कुणी काय निवडावं

युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन ब्राउझरपुरतं. टीव्हीवरचं अ‍ॅप, फोनमधला फुकटातला रमीचा खेळ, बातम्यांची अ‍ॅप्स यांच्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही. तिथे डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था, उपयोगी पडतो. अ‍ॅपने जाहिरातीच्या सर्व्हरचा पत्ता विचारला की 'असं कोणी इथे राहत नाही' म्हणून सांगायचं. पुढची जोडणी होतच नाही. घरात लिनक्स किंवा बीएसडीचं एखादं यंत्र चोवीस तास चालू असेल तर हे काम त्याच्याकडे फुकटात सोपवता येतं. कुठल्या सॉफ्टवेअरने, एवढंच ठरवायचं राहतं.

त्याआधी दोन गोष्टी. यूट्यूबच्या जाहिराती यातल्या कशानेही जाणार नाहीत. व्हिडिओ आणि जाहिरात एकाच डोमेनवरून येतात, नाव अडवलं तर व्हिडिओही जातो. डीएनएसवर यूट्यूब साफ करून देतो म्हणणाऱ्याचं पुढचं ऐकू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळे पर्याय घूमफिरके अडवायच्या नावांच्या त्याच तयार याद्या वापरतात: स्टीव्हन ब्लॅक, ओआयएसडी, हागेझी. त्यामुळे 'कोण जास्त अडवतं' या तुलनेत फार दम नाही. मी उलट्या बाजूने बघतो: चुकून अडलेलं नाव किती लवकर सापडतं आणि किती लवकर सोडता येतं? कारण चुका होणारच. गूगलवर मिक्सर शोधला की सगळ्यात वर 'प्रायोजित' दुकानं येतात. त्या लिंकवर टिचकी मारली की ब्राउझर आधी गूगलच्या जाहिरात-डोमेनवर जातो आणि मग दुकानात. ते डोमेन जवळपास प्रत्येक यादीत असतं, म्हणून पान कोरं राहतं आणि आतून हाक येते, 'अहो, नेट गेलंय का?' दुकानांच्या मेलमधली बटणंही अशीच टिचक्या मोजणाऱ्या डोमेनमार्गे जातात. ही हाक आली की तुम्ही किती मिनिटांत मोकळे होता, यावर निवड करा.

होस्ट्स फाइल

एकट्याचा लॅपटॉप असेल तर एवढ्यावर भागतं. ही पद्धत डीएनएसहूनही जुनी. आर्पानेटवर सगळी नावं एकाच फाइलमधून वाटली जात आणि ते झेपेनासं झालं म्हणून १९८३ साली डीएनएस आलं. ईटीसी डिरेक्टरीतल्या होस्ट्स फाइलमध्ये प्रत्येक नावाच्या आधी ०.०.०.० लिहायचं. १२७.०.०.१ लिहू नका, नाहीतर स्वतःच्याच यंत्रावर चालू असलेल्या वेब सर्व्हरला उगाच धडका बसतात.

अडचण अशी की इथे उपडोमेनसाठी सरसकट नियम नाही. एका जाहिरात कंपनीची पन्नास उपनावं असतील तर पन्नास ओळी. म्हणून याद्या लाखाच्या घरात जातात, आणि लिनक्सवर ग्लिबसी ही मूळ लायब्ररी दर चौकशीला ती फाइल वरून खाली चाळतं. जुन्या यंत्रावर हे जाणवतं. काय अडलं याची नोंदही कुठे होत नाही. फोन आणि टीव्हीला तर याचा काहीच फायदा नाही.

डीएनएसमास्क

सायमन केली यांचं हे छोटेखानी सॉफ्टवेअर तुमच्या राउटरमध्ये आधीच बसलेलं असण्याची शक्यता दाट आहे. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त प्रणालीचा तर तो मुक्कामाचा गडी. डीएनएस आणि डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) दोन्ही सांभाळतं. एका 'अ‍ॅड्रेस' ओळीत डोमेन आणि त्याची सगळी उपनावं अडतात. २०२१ मधल्या २.८६ आवृत्तीत नावं जुळवण्याचा भाग नव्याने लिहिला गेला, तेव्हापासून मोठ्या यादीचा भार त्याला सोसतो.

एका ठिकाणी लोक हमखास अडकतात. यादी बदलली, प्रोसेसला हँगअप सिग्नल पाठवला, तरी काही बदलत नाही. त्या सिग्नलने डीएनएसमास्क होस्ट्स फाइली पुन्हा वाचतं आणि कॅशे रिकामा करतं, पण कॉन्फिगरेशन फाइलला हात लावत नाही. 'अ‍ॅड्रेस' ओळी वापरत असाल तर सर्व्हिस रीस्टार्टच करावी लागते. नोंदी हव्या असतील तर क्वेरी लॉग चालू करून त्यात ग्रेप कमांडने शोधत बसायचं. टर्मिनलवर राहणाऱ्याला ते चालतं. ओपनडब्ल्यूआरटीचा राउटर असेल तर त्याचं तयार अ‍ॅडब्लॉक पॅकेज यालाच जोडलं जातं, वेगळं यंत्र जळत ठेवावं लागत नाही.

अनबाउंड

माझा ओढा याच्याकडे आहे हे आधीच सांगतो. नेदरलँड्समधल्या एनएलनेट लॅब्सचं हे काम. वरचं डीएनएसमास्क प्रश्न पुढे ढकलतं, तर अनबाउंड मूळ सर्व्हरपासून स्वतः उत्तर शोधत जातं आणि उत्तर खरं असल्याची डीएनएससेकची डिजिटल सही तपासून घेतं. गूगल किंवा क्लाउडफ्लेअरला घरातली प्रत्येक चौकशी सांगावी लागत नाही. मात्र हे प्रश्न उघड्यावरून जातात, तेव्हा इंटरनेट पुरवणाऱ्याला ते दिसतातच. त्याच्यापासून लपवायचं असेल तर अनबाउंडला टीएलएसवरून, म्हणजे कूटबद्ध वाटेने, एखाद्या बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवायला सांगावं लागतं, आणि मग तो बाहेरचा सगळं बघतो. यातला कोण तुम्हाला कमी नकोसा आहे, ते तुम्ही ठरवा. नवं नाव पहिल्यांदा शोधताना क्षणभर उशीर होतो, नंतर कॅशे असतोच.

अडवण्याच्या दोन पद्धती. जुनी म्हणजे प्रत्येक डोमेनला 'लोकल-झोन' ओळ आणि पुढे 'ऑलवेज-एनएक्सडोमेन', म्हणजे कायम 'असं नावच नाही' हे उत्तर. नवी म्हणजे आरपीझेड (अडवण्याचे नियम झोनच्या रूपात देण्याची पद्धत), जी २०२० च्या १.१० आवृत्तीपासून आली: यादीचा पत्ता द्यायचा, अनबाउंड ती स्वतः उतरवून घेतं आणि ताजी ठेवतं. ठरावीक वेळी चालणारी क्रॉनची स्क्रिप्ट लिहायला नको. फक्त 'मॉड्यूल-कॉन्फिग'मध्ये 'रेस्पआयपी' सगळ्यात पुढे लिहायचं विसरू नका. आरपीझेडच्या विभागात लॉग चालू करून ठेवलात तर अडलेली नावं वेगळी दिसतात, आणि आपल्या अपवादांचा छोटा झोन मोठ्या यादीच्या वर ठेवला की सोडवणूक एका ओळीची.

नव्याने बसवणाऱ्याची पहिली संध्याकाळ बहुधा अशी जाते: यंत्रावर सगळं चालतं, फोनवर काहीच नाही. अनबाउंड मुळात फक्त स्वतःच्या यंत्राचं ऐकतं. 'इंटरफेस' ओळीने घरच्या जाळ्याकडे कान करायला लावायचं आणि 'अ‍ॅक्सेस-कंट्रोल'ने १९२.१६८.१.०/२४ सारख्या आपल्या पट्ट्याला परवानगी द्यायची, तेव्हा ते इतरांना उत्तर देतं. बदल केल्यावर 'अनबाउंड-चेककॉन्फ' चालवूनच रीलोड.

बीएसडीवाल्यांना हे घरचंच. ओपनबीएसडीच्या बेसमध्ये अनबाउंड आहे, फ्रीबीएसडीच्या बेसमध्ये 'लोकल-अनबाउंड' आहे. पण हा दुसरा त्या एका यंत्रापुरता, अख्ख्या घरासाठी पोर्ट्समधून पूर्ण अनबाउंड घ्या. ओपनबीएसडीच्या लॅपटॉपवर 'अनवाइंड' आणखी सोपं: साध्या फाइलमध्ये ओळीला एक डोमेन, आणि कॉन्फिगरेशनमध्ये 'ब्लॉक लिस्ट'ची एक ओळ.

पाय-होल

नाव रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरून आलं तरी कुठल्याही डेबियन, उबंटू, फेडोरावर चालतं. बीएसडीवर मात्र नाही. आतलं इंजिन डीएनएसमास्कचाच फाटा, पण त्यावर जे चढवलंय त्यासाठी लोक हे घेतात: वेबपान. घरातून हाक आली की फोनवर पाय-होल उघडा, क्वेरी लॉग बघा, लाल ओळ शोधा, 'अलाउ' दाबा. बस. कारण कळत नसेल तर अख्खं अडवणं पाच मिनिटांसाठी बंद करून बघता येतं. माझ्या वरच्या कसोटीवर याला तोड नाही, आणि यंत्र माझं एकट्याचं नसून घराचं असेल तर मी अनबाउंडचा हट्ट धरत नाही. दोन्ही एकत्रही नांदतात: पाय-होल डीएनएसच्या ठरलेल्या पोर्ट ५३ वर, त्याच्या मागे ५३३५ वर अनबाउंड. पाय-होलच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतच ही जोडी दिलेली आहे.

२०२० च्या ५.० आवृत्तीपासून ते सीनेमची, म्हणजे एका नावामागे दडलेल्या दुसऱ्या नावाची, साखळीही तपासतं. काही साइट्स माग काढणाऱ्या कंपनीला आपल्याच डोमेनखाली एखादं सोज्वळ उपनाव देतात. होस्ट्स फाइल आणि साधं डीएनएसमास्क त्याला फसतात, पाय-होल मागचं खरं नाव बघून अडवतं. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या सहाव्या आवृत्तीत वेबपानासाठी लागणारे पीएचपी आणि लाइटटीपीडी सर्व्हर दोन्ही गेले, वेब सर्व्हर आतच आला. जुन्या ब्लॉगमधल्या पायऱ्या म्हणून आता जुळत नाहीत. सूचना वाचताना आवृत्ती बघा.

अ‍ॅडगार्ड होम

गो भाषेतली एकच बायनरी. लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, मॅक, कुठेही. फाइल ठेवायची, चालवायची, ब्राउझरमध्ये पोर्ट ३००० उघडून चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. वेबपान पाय-होलच्या तोडीचं, सीनेम इथेही तपासला जातो. वरच्या सर्व्हरशी एचटीटीपीएस, टीएलएस, क्विक अशा कुठल्याही कूटबद्ध वाटेने बोलणं जमतं. पाय-होलला त्यासाठी सोबती लागतो. मुलांच्या टॅबला वेगळे नियम, बाबांच्या फोनला वेगळे, हेही चटकन होतं.

खरा फरक घराबाहेर पडल्यावर. अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय आहे, तिला डोमेनचं नाव आणि वैध प्रमाणपत्र असलेला टीएलएस सर्व्हर लागतो. अ‍ॅडगार्ड होम तो थेट पुरवतं. पाय-होलवाल्याला यासाठी वायरगार्ड या व्हीपीएनची वाट धरावी लागते. पण भाड्याच्या सर्व्हरवर हे उभं करणार असाल तर पोर्ट ५३ जगासाठी उघडं ठेवू नका. असे उघडे सर्व्हर दुसऱ्यांवर हल्ले करायला वापरले जातात आणि सर्व्हर देणारी कंपनी तुमचं खातं बंद करते.

कुठलंही घ्या, ही कामं चुकत नाहीत

उबंटूवर पोर्ट ५३ आधीच सिस्टिमडी-रिझॉल्व्हड या उबंटूच्या स्वतःच्या डीएनएस सेवेने धरलेलं असतं. त्याचा 'स्टब लिसनर' बंद केल्याशिवाय दुसरं काही उभं राहत नाही.

राउटरमध्ये दुय्यम डीएनएस म्हणून ८.८.८.८ टाकायचा मोह होतो, 'आपलं यंत्र बंद पडलं तर' म्हणून. टाकू नका. 'दुय्यम' म्हणजे राखीव असं बरीच उपकरणं मानत नाहीत, ती दोघांनाही विचारतात आणि जाहिराती अर्धवट दिसत राहतात. दुसरा हवाच असेल तर दुसरं यंत्र लावा. लाइट जाणाऱ्या गावात मी तर जुन्या लॅपटॉपला मत देईन, बॅटरी सोबतच येते. रास्पबेरी पायचं एसडी कार्ड वारंवार वीज तुटली की दगा देतं.

आयपीव्ही६ ला (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीला) विसरलात तर सगळी मेहनत पाण्यात. राउटर आयपीव्ही६ वरून स्वतःचाच डीएनएस जाहीर करत राहतो, फोन तो उचलतो, आणि तुमचा लॉग संशयास्पद शांत दिसतो. इंटरनेटसोबत मिळणाऱ्या काही राउटरांत डीएनएस बदलायची सोयच नसते. तिथे राउटरचा डीएचसीपी बंद करून तो पाय-होल, अ‍ॅडगार्ड होम किंवा डीएनएसमास्कला द्यायचा. अनबाउंडला डीएचसीपी येत नाही, त्याच्याबरोबर वेगळा सर्व्हर लावावा लागेल. काही टीव्ही तर ८.८.८.८ पोटात घेऊनच येतात. पोर्ट ५३ ची रहदारी पीएफ किंवा एनएफटेबल्स या फायरवॉलने आपल्याकडे वळवता येते, पण टीव्ही एचटीटीपीएसवरून विचारायला लागला की तोही उपाय संपतो.

मनात दोन नावं घोळत असतील तर दोन्ही एकाच यंत्रावर वेगवेगळ्या पोर्टवर बसवा आणि 'डिग' या कमांडने एखादं जाहिरात-डोमेन दोघांनाही विचारून बघा. मग त्यातलं एक पोर्ट ५३ वर आणून फक्त आपल्या फोनला त्याचा पत्ता द्या, आठवडाभर बँकेची, रेल्वेची, गॅसची अ‍ॅप्स नेहमीसारखी वापरा, जे अडेल ते सोडवत जा. घरातल्या बाकीच्यांचा डीएचसीपी त्यानंतर बदला.